पंधरावा पाठ

बायको गेल्याचं कळलं त्या सकाळी तपासनीस एका परक्या स्वयंपाकघरात ओट्याखाली वाकून बसला होता. एका हातात साबणाच्या पाण्याची वाटी, दुसऱ्या हातात दाढीचा जुना ब्रश. गॅसच्या नळीच्या सांध्याला साबण माखायचा आणि बघत राहायचं. फेस जागच्या जागी बसला तर सांधा चांगला, बुडबुडा फुगला तर गळती. एकतीस वर्षं तो हेच करत आला होता. कंपनीत त्याला सगळे बुडबुडे म्हणत, आणि नव्याने लागलेल्यांना ते त्याचं आडनावच वाटे. एका वर्षी कुणाच्या तरी निरोपसमारंभाच्या पत्रिकेत तसं छापूनसुद्धा आलं होतं, आणि बायकोने ती पत्रिका जपून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला. "घ्या ना फोन," त्या घरची बाई म्हणाली. "फेस बसू दे," तो म्हणाला. सांध्यावरची नजर काढायची नाही, हा त्याचा नियम होता. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. बुडबुडा आला नाही. मग त्याने ब्रश वाटीत ठेवला आणि ओल्या हाताने फोन घेतला. पलीकडे पोस्टातला काउंटरवरचा माणूस होता. "तुम्ही यांचे कोण?" "कुणाचे?" "निळ्या पिशवीवाल्या बाईंचे. पिशवीतल्या डायरीत तुमचा नंबर आहे. नाव नाही. 'हे' असं लिहिलंय नुसतं." तपासनीस उभा राहिला, ओट्याची कड डोक्याला लागली. "बाईंनी पाकीट दिलं, तिकिटं लावून घेतली, पावती घेतली, आणि मग खालीच बसल्या. अँब्युलन्स येऊन गेली. तुम्ही तसेच हॉस्पिटलमध्ये जा." "फार लागलं नाही ना?" त्याने विचारलं. पोस्टातल्या माणसाने रांगेतल्या कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "तुम्ही जा." तेवढ्यावरून त्याला कळलं. तरीही त्याने फॉर्म भरला. गळती नाही. दिनांक, वेळ. त्या बाईची सही घेतली. "काही वाईट नाही ना?" तिने पेन परत देताना विचारलं, आणि तो म्हणाला, "नाही." ती सही आपण घेतली, ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस त्याच्या मनातून गेली नाही.

हॉस्पिटलमधला डॉक्टर तरुण होता, नम्र होता, आणि त्याच्या हातात एक फाईल होती. ती आजची नव्हती. कोपरे मऊ पडलेले, वर बायकोचं नाव, खाली आठ महिन्यांपूर्वीची तारीख. "तुम्हाला सगळी कल्पना असेलच," डॉक्टर म्हणाला. "घरच्यांना सांगितलंय असं त्या म्हणाल्याची नोंद आहे इथे." तपासनीस म्हणाला, "हो." का म्हणाला ते त्याला सांगता आलं नसतं. परक्या माणसासमोर, बायको आत चादरीखाली असताना, मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची लाज वाटली असेल. दिवसाला वीस अनोळखी दारांतून आत जाणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात आठ महिने काय चाललं होतं ते याला ठाऊक नाही. डॉक्टरने मान हलवली आणि फाईल मिटली. तपासनिसाने जे समजून घ्यायला हवं होतं ते त्या फाईलमध्येच राहिलं.

त्याची थोरली बहीण आली, आठ दिवस राहिली. भेटायला येणाऱ्यांना तीच सांगे, कारण याच्याने दोन वाक्यांपलीकडे बोलवत नव्हतं. "भाग्यवान हो. हाल नाहीत, की कुणाला करायला लावलं नाही. हिची आईसुद्धा अशीच गेली, दोरीवर कपडे घालता घालता. हातातला चिमटा हातातच राहिला होता." आलेली माणसं हळहळत, मग बरं वाटल्यासारखी दिसत. भाग्यवान हा शब्द घरभर इतका झाला की तपासनीसही तो धरून बसायला लागला. रिकाम्या वेळी त्याचं मन दुसरीकडे जायला लागलं, त्या मऊ कोपऱ्यांच्या फाईलकडे, की तो तो शब्द मनात म्हणे आणि मन परत आणे. बहीण जाताना टेबलावरच्या फ्रेंचच्या पुस्तकांकडे बघून म्हणाली, "यांचं काय करणार आहेस? या वयात हिला कसली परीक्षा द्यायची होती, देव जाणे." त्यावर बायकोचं जुनं उत्तर त्याला तिच्या आवाजासकट ऐकू आलं. "वन्सं, विहीणबाईंशी भांडायचं तर भाषा यायला नको का?"

मुलगी लग्न करून दूर देशात गेली होती. तिच्या सासरी सगळे फ्रेंच बोलत. जावई हसरा होता, याला भेटला की दोन्ही हात हातात घेई आणि मग दोघेही हसत उभे राहत, कारण पुढे काही बोलता येत नसे. बायकोला ते सोसलं नाही. तिने पत्राने शिकवणाऱ्या एका संस्थेत नाव घातलं. दर पंधरा दिवसांनी एक पाठ येई, ती उत्तरं लिहून पाठवी, आणि तिकडून कुणीतरी हिरव्या शाईने तपासून परत पाठवी. त्या माणसाचं नाव कागदावर कुठेच नसे. बायको त्याला हिरवेगुरुजी म्हणे. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती मोठ्याने घोकायची, आणि हा जेवायला घरी आला की त्याला घास घेता घेता ते ऐकावं लागे. शेवटचे दोन महिने पाठांत पाऊस आणि थंडी चालली होती. न प्ल-तिल पा? पाऊस पडत नाही का? न नॅज-तिल पा? बर्फ पडत नाही का? न फो-तिल पा? करायला नको का? बाहेर कडकडीत ऊन असायचं. "हे कुणाला विचारतेस?" त्याने एकदा म्हटलं. तिने वही फिरवून त्याच्यासमोर धरली. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशी सहा घरं, आणि तो सोडून बाकी पाचांत आडव्या रेघा. "या क्रियापदांना माणूसच नसतो. फक्त तो. आणि तो म्हणजे कुणीच नाही, जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून बसवलेला." हे त्याला लगेच कळलं. त्याच्या फॉर्ममध्येही तसंच होतं. जे घर लागू नाही तिथे आडवी रेघ मारायची, कोरं सोडायचं नाही. "म्हणजे सगळं आपोआप होतं," तो म्हणाला. "पडतं, लागतं, व्हायला हवं असतं. करणारा कुणी नाही." "तुम्ही पहिले आलात वर्गात," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात पोळी वाढली, आणि वाढताना एक क्षण टेबलाला हात टेकून थांबली. ते थांबणं त्याने बघितलं होतं. हे त्याला आता आठवत होतं, की बघितलं होतं. "बरं वाटत नाहीये का?" "नाही हो, बरं आहे."

त्याचं विचारणं सगळं असंच होतं. कंपनीनेच शिकवलं होतं. गॅसचा वास येतो का, असं कुणाच्या दारात उभं राहून विचारायचं नाही; माणसं घाबरतात, आणि नसलेला वास त्यांना यायला लागतो. वास येत नाही ना, असं विचारायचं. मग लोक नाही म्हणतात, निवांत होतात, आणि आपण आपलं काम करायचं. खरं उत्तर फेस देतो. लोक काय म्हणाले ते फॉर्मवर लिहायचंच नसतं. एकतीस वर्षांत त्याने तोंडच्या नाहीवर एकही सही घेतली नव्हती. साबण लावल्याशिवाय तो कुठल्या घराचा उंबरा ओलांडून बाहेर पडला नव्हता. फक्त स्वतःच्या घरात तो रोज सकाळी बूट घालता घालता विचारत आला, दुखत नाही ना कुठे, झोप लागली नाही का, आणि नाही ऐकून किंवा हो ऐकून दार ओढून घेत आला. नव्या लोकांना शिकवताना तो सांगे, गॅसला स्वतःचा वास नसतो, माणसांना कळावं म्हणून वास मुद्दाम मिसळतात. आणि एकाच घरात राहणाऱ्यांचं नाक त्या वासालाही थकतं. शिकाऊ लोक हे लिहून घेत. संध्याकाळी तो घरी येई, तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना चढे, आणि दार उघडणारी बायको पांढरी पडलेली असे, ते त्याला उजेडामुळे वाटे.

तेविसाव्या दिवशी दाराच्या फटीतून एक पाकीट आत पडलं. वर बायकोचं नाव. कोपऱ्यात संस्थेचा शिक्का. तो ते हातात घेऊन बराच वेळ दाराजवळच उभा राहिला, कारण हे पाकीट येणं शक्य नव्हतं आणि ते आलं होतं. मग उमगलं. ती खाली बसली तेव्हा पाकीट काउंटरच्या पलीकडे गेलेलं होतं. तिकिटं लावलेली होती. पोस्टातल्या माणसाने अँब्युलन्स बोलावली, डायरीतला नंबर शोधला, फोन केला, आणि मग ते पाकीट थैल्यात टाकलं, कारण त्याचं ते काम होतं. हिरव्या शाईच्या माणसाने त्याचं काम केलं. आणि मेलेल्या बाईचा पंधरावा पाठ वीसपैकी अठरा गुण घेऊन घरी परत आला होता.

दोन दिवस ते पाकीट टेबलावर तसंच पडून होतं. घर गप्प होतं, पण ते रिकामं असल्यासारखं गप्प नव्हतं. तो स्वयंपाकघरात पाऊल टाकी तेव्हा तिथे आधीच कुणीतरी बसलेलं असावं असं त्याला वाटे, आणि ती बायको नव्हती. बायको असती तर त्याला भीती वाटली नसती. जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून बसवलेला कुणीतरी. नळ गळतो, दार वाजतं, अंधारून येतं. तिसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली, सकाळीच टेबलाशी बसला आणि पाकीट फोडलं. दहा वाक्यं होती, फ्रेंचमध्ये, तिच्या गोल अक्षरात. तिची पद्धत त्याला माहीत होती: आधी कच्च्या वहीत डाव्या हाताला मराठी, उजव्या हाताला फ्रेंच, मग पक्कं. त्याने कच्ची वही काढली आणि जसे मीटरचे नंबर रजिस्टरशी लावून बघतात तसे वाक्यांचे आकडे लावायला सुरुवात केली. स्वतःच्या मनाने नकारार्थी प्रश्न रचा, असा स्वाध्याय होता. पहिलं होतं, पाऊस पडत नाही का. दुसरं, इथे थंडी नाही का. इथवर पुस्तकातलंच. तिसरं, जिन्याला पायऱ्या जास्त नाहीत का. इथे हिरव्या शाईने पायऱ्यांच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर घातलं होतं. चौथं, दुपारी थोडं पडून राहिलेलं बरं नाही का. बरोबर, हिरवी खूण. पाचवं, घरात कसला तरी वास नाही का. बरोबर. तपासनिसाने पेन्सिल खाली ठेवली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. सहावं वाक्य लांब होतं आणि कच्च्या वहीत त्यावर दोनदा खाडाखोड होती: आईच्या बाबतीत असंच झालं नव्हतं का. हिरवी खूण, आणि समासात एक शब्द, शाबास असणार. तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. भाग्यवान, असं मनात म्हणून बघितलं. मन परत आलं नाही.

सातवं आणि आठवं पुन्हा पुस्तकातली होती. नवव्या आणि दहाव्या वाक्याला कच्च्या वहीत मराठी नव्हतं. डावी बाजू कोरी होती. कोरं सोडायचं नाही, हे तिला त्याच्यामुळेच माहीत होतं, तरी कोरी होती. ती वाक्यं तिने आपल्या भाषेत लिहिलीच नव्हती, मनातसुद्धा म्हटली नसतील. त्याने तिचा शब्दकोश घेतला. पानांना तिच्या बोटांमुळे कडेला राखाडी पट्टा पडला होता. एकेका शब्दाला दहा-दहा मिनिटं लागली, कारण अक्षरं ओळखीची होती पण क्रियापदं शब्दकोशात त्या रूपात सापडत नव्हती. शेवटी तिने केलेला तक्ता शेजारी ठेवला आणि रेघांमधल्या एकुलत्या एका घरातून ती शोधून काढली. नववं: डॉक्टरांचं ऐकायला नको होतं का. दहावं त्याने दुपारी तीनला पुरं केलं, पाठकोऱ्या कागदावर शब्दाखाली शब्द लिहून. बाळंतपणाच्या आधी मुलीला सांगावं लागणार नाही का. त्या वाक्यात एकही चूक नव्हती. खाली हिरव्या शाईत एक ओळ होती, छोटी, नेहमीपेक्षा सावकाश लिहिल्यासारखी, आणि तीही त्याने शोधली. हे खरं आहे का, मॅडम?

कुणीतरी सरळ विचारलं होतं. नाव नसलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाने, तेवीस दिवस उशिरा.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये गेला, त्याच डॉक्टरला भेटला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी हो म्हणालो ते खोटं होतं. मला काही माहीत नाही. सांगा." डॉक्टरने त्याला बसवलं. हृदयाची भिंत जाड होत जाते, म्हणाला. ठोका कधी चुकेल ते सांगता येत नाही. घराण्यात उतरतं. तुमच्या सासूबाईंचं त्यांनी सांगितलं होतं. "मुलीला लगेच तपासून घ्या, असं आम्ही दोनदा बजावलं होतं. लगेच म्हणजे लगेच. मुलगी कुठे असते?" "लांब. सातवा महिना चालू आहे." डॉक्टरने फाईल बाजूला सारली. मग म्हणाला, "मग तर आजच कळवा. वेळेवर कळलं तर काळजी घेता येते, औषधं असतात. न कळणं हेच वाईट." उठताना तपासनिसाने विचारलं, "हिला किती कळलं होतं?" "सगळं," डॉक्टर म्हणाला. "मी विचारलं होतं, घरी कोण आहे? त्या म्हणाल्या, हे आहेत, पण त्यांना 'नाही' ऐकायची सवय आहे."

ती बुधवारची गोष्ट. त्यानंतर दोन रविवार गेले. मुलीचा फोन रविवारी चारला येई. विमानात बसायला तिला मनाई होती, म्हणून ती आईला शेवटचं बघायलाही आली नव्हती, आणि त्याचं ओझं तिच्या आवाजात असे. पहिल्या रविवारी त्याने सगळं पाठ करून ठेवलं होतं. मुलीने आधीच विचारलं, "जेवण नीट करताय ना बाबा?" तो हो म्हणाला. "एकटं वाटत नाही ना?" तो नाही म्हणाला. त्याच्या लक्षात आलं की हे विचारणं ती त्याच्याकडूनच शिकली होती. मग त्याची पाळी आली आणि पाठ केलेलं सगळं घशापर्यंत आलं, आणि त्याने विचारलं, "तुला दम लागत नाही ना?" "नाही हो बाबा," ती म्हणाली. इतकं झटकन म्हणाली, आणि त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने फोन ठेवला. ते बरं वाटणं रात्रीच्या जेवणापर्यंतही टिकलं नाही. आठवडाभर तो लोकांच्या ओट्याखाली वाकून सांध्यांना साबण लावत होता, आणि फेसाकडे बघताना त्याला दिसत होतं की बायकोनेही हेच केलं असणार. फोनजवळ बसली असणार. आज सांगू, पुढच्या रविवारी सांगू. पोटुशी पोर, धसका घेईल. सांगितलं की ते खरं होईल. तोवर ते पंधराव्या पाठातलं एक वाक्य आहे, ज्याला माणूस नाही. दुसऱ्या रविवारी मुलगी म्हणाली की ती दमली आहे, लवकर ठेवते, आणि त्याने ठेवू दिलं. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचा राग आला नाही, हे त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. सुटका झाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या रविवारी त्याने टेबल पुसलं आणि पंधरावा पाठ समोर ठेवला. शेजारी डॉक्टरने लिहून दिलेला कागद, त्यावर आजाराचं नाव मोठ्या अक्षरात, तिकडच्या डॉक्टरला वाचता येईल असं. चारला फोन वाजला. "हॅलो बाबा, काय करताय?" "बसलोय." "तुमचं ठीक आहे ना सगळं?" तो त्याला उत्तर द्यायला थांबला नाही, नाहीतर पुन्हा त्याच वाटेला लागला असता. "ऐक. तुला दम लागतो का?" त्याने विचारलं, आणि गप्प बसला. सांध्याला साबण लावल्यावर बसतो तसा. मदत केली नाही, खोकला नाही, की नसेल लागत म्हणा असं पुढे जोडलं नाही. पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा त्याला दिसत होता आणि तो बराच फिरला.

"लागतो," मुलगी म्हणाली. "आधीपासून लागतो. बाळ राहायच्या आधीपासून. इथे कुणाला बोलले नाही. सगळे म्हणणार, आई गेली म्हणून मनाने घेतलंय."

"जिना न चढता?"

"कधी कधी नुसतं उभं राहूनही." मग तिचा आवाज बदलला, लहानपणी जिन्यात दिवे गेले की व्हायचा तसा झाला. "का विचारताय बाबा? आई काही बोलली होती का?"

फोन कानाशी होता. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता, आत जाणारा आणि बाहेर येणारा, आणि तो प्रत्येक श्वास मोजत होता. समोर बायकोचं दहावं वाक्य होतं, त्याखाली हिरवी ओळ, शेजारी डॉक्टरचा कागद. मुलीला सांगायचं अजून राहिलं होतं.